अठराचा भाव

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं किंवा अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण शेजारच्या मावशीबद्दल लिहून ठेवायलाच हवं, कारण जिचा भाव मावशीने पाडून मागितला नाही अशी एकही गोष्ट या पृथ्वीवर नाही.

मावशी बाळकुमची जुनी कोळीण. खाडी इमारतींच्या मागे गेली, मावशी सातव्या मजल्यावर आली, पण मासळीची टोपली सुटली नाही. जन्मभर गिऱ्हाइकांनी तिच्याशी घासाघीस केली, त्याचा सूड ती उरलेल्या जगावर उगवते. सत्यनारायणाच्या भटजींना तिने पाच अध्याय तिनात बसवायला सांगितलं. रक्तदाब तपासणारी मुलगी एकशे साठ म्हणाली, तर मावशी म्हणते, "एकशे चालीस लाव गो, रोजची हाय मी." पुन्हा तपासला तर खरंच एकशे पन्नास आला. "चल, मधी जमलं," म्हणत मावशी उठली.

माझी मुलगी अकरावीत असताना तिची झोप गेली, बोलणं गेलं. एकदा म्हणाली, "आई, सकाळ झाली की भीती वाटते." मनाच्या डॉक्टरबाई तिनेच शोधल्या, एकटीच जाऊन आली. त्यांनी सांगितलं, अठरा पूर्ण नाहीत, उपचाराला घरच्यांची संमती हवी. हे म्हणाले, "वेड्यांच्या डॉक्टरकडे माझी मुलगी जाणार नाही." मला वाटलं, संपलं. सही म्हणजे बापाचीच, अशी माझी समजूत. मी मावशीकडे जाऊन रडले. तिने आम्हा दोघींना रिक्षात घातलं, टोपलीसकट.

"डॉक्टरबाय, अठरा लय होतान. पोर साडेसोलाची हाय, सोलावर करा."

"मावशी, हा कायदा आहे."

"म्हनून तर सोला. दुसरं काय असतं तर पंधरा सांगितले असते."

"यात कमी होत नाही हो."

मावशी टोपली उचलून दाराकडे निघाली. गिऱ्हाईक निघालं की विकणारा हाक मारतो, हे तिला पाठ. डॉक्टरबाईंनी हाक मारली नाही. मावशी दारातच थांबली, पडलेल्या आवाजात म्हणाली, "मंग बापाशिवाय नायच?"

"आई किंवा वडील. एकाची सही पुरे."

"मंग ही बसलीय ती कोन वाटली तुमाला?"

मी हळूच म्हटलं, "माझं अक्षर चांगलं नाही."

"पोर चांगली होऊ दे. अक्षर र्‍हाऊ दे तसंच."

मी सही केली. नाव पुरं होईपर्यंत खोलीभर बोंबलाचा वास पसरला होता. घरी येऊन ह्यांना मीच सांगितलं. त्यांनी अडवलं नाही, पण पैसेही दिले नाहीत. पुढे दर खेपेची फी मावशीने कनवटीतून दिली.

आता मुलगी अठरा ओलांडून गेली. स्वतःची सही स्वतः करते, शिकवण्या घेते, आणि सकाळी चहा तीच ठेवते. त्या फीचे साठवलेले पैसे घेऊन ती परवा मावशीकडे गेली.

"एवढे कशाला? निम्मे दे."

"नाही, पूर्ण."

"बरं, पाऊण."

"पूर्णच, मावशी. रोजची आहे मी."

मावशी रागाने उठून आत चालू लागली. मुलीने हाक मारली.

मावशी वळली. परत येऊन तिने सगळे पैसे घेतले आणि न मोजता कनवटीला लावले.