आठ तारांची चूक

वडगावात आमच्या घरी वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, साडीचे दोन माग आणि मी टिळकवाडीतल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर. साडीच्या काठाची नक्षी मागाला पाठवणारा एक प्रोग्राम आमच्या साहेबांनी तरुणपणी जुन्या युनिक्स मशीनवर लिहिला होता. ते मशीन कायमचं बंद पडलं आणि प्रोग्राम लिनक्सवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यात प्रोग्राम विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची अट अशी, की एकदा बिल्ड केलेली, म्हणजे चालवायला तयार झालेली, फाइल त्यांनी नेमलेल्या स्टँडर्डात बसणाऱ्या कुठल्याही लिनक्सवर जशीच्या तशी चालली पाहिजे. लिनक्सकडून कुठल्या लायब्रऱ्या आणि फंक्शनं मागता येतील, त्यांची यादी स्टँडर्डात होती. त्यातलंच वापरायचं, बाकी लागेल ते आपल्या फाइलीत भरून न्यायचं.

माझ्या मशीनवर प्रोग्राम आठवड्यात चालला. तोंड गोड करायला मी ऑफिसात कुंदा वाटला. गिऱ्हाइकाकडे मात्र तो सुरूच होईना, कारण तिथली सिस्टीम माझ्या मशीनवरच्यापेक्षा जुनी होती. मग मीही जुनं लिनक्स बसवून त्यावर बिल्ड करू लागले. स्टँडर्ड तपासणारा एक प्रोग्राम होता, तो रोज यादीबाहेरची नावं लाल अक्षरांत दाखवायचा. एक काढलं की दोन नवी. महिना त्यातच गेला. साहेब दारातूनच विचारायचे, "झालं का?" मला त्यांचा आवाजही नकोसा झाला.

शेवटी एकदाची तपासणी पास झाली. चाचणीसाठी जुन्या मशीनवर साठवलेली मोराची नक्षी घेऊन मी ती फाइल घरच्या मागावर चालवली. वीतभर कापड विणून आप्पांनी माग थांबवला.

"मोराचं तुकडं झाल्यात की गं."

"तपासणी पास झालीय, आप्पा. तुमच्या मागाचंच काहीतरी असेल."

ते भिंग लावून बराच वेळ काठ बघत बसले.

"तार तुटल्याली न्हाय. आठ तारांची पट्टी शेजारच्या पट्टीच्या जागी गेलीया. फुडं पण तसंच. सगळीकडं जोडीजोडीनं अदलाबदल."

आठ म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख झालं. एका बाइटात आठ तारांची माहिती. जुनं मशीन बाइटांची जोडी ज्या क्रमाने लिहायचं, त्याच्या उलट्या क्रमाने नवं मशीन ती वाचत होतं. तपासणीला हे दिसणारच नव्हतं. आपली फाइल लिनक्सकडून काय मागते तेवढंच ती बघत होती, मोर बघत नव्हती. मागाला नावं ठेवल्याची लाज वाटली, पण राग त्याहून मोठा होता. कुणावर, ते कळेना.

"आप्पा, चूक माझीच."

"व्हय. पर सापडली न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दोन ओळी घालून क्रम पालटला. तपासणी पुन्हा नापास! पालटायला घेतलेलं तयार फंक्शन यादीत नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं. ते फंक्शन काढून त्या दोन ओळी हातानं लिहिल्या, परत बिल्ड केलं, परत तपासलं. संध्याकाळी काठावर मोर सरळ उतरला.

साहेबांनी फाइल गिऱ्हाइकाला पाठवली, मग माझा शेवटचा बदल उघडून पाहिला.

"दोनच ओळी होत्या की. एवढे दिवस काय करत होतीस?"

मी रजेचा अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि चालत घरी आले.