'होऊ द्या' म्हणायचं राहून गेलं

परवा रविवारी मी कारंज्याला उतरलो. एवढंच... पण आमच्या घरात ही मोठी बातमी आहे.

वाशिमहून अमरावतीला, म्हणजे बायकोच्या माहेरी जाताना एसटी कारंज्याला थांबायची. दर वेळी सुमन खिडकीतून वाकून बघायची आणि म्हणायची, "तुम्ही रिटायर झाले ना, की इथं उतरू. जुनं गाव पाहू, नदीवर बसून डबा खाऊ." घाई नव्हतीच कोणाला. मी दिवाळीत रिटायर झालो... सुमन त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली.

मुलगी पुण्याहून रोज फोन करते, जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. मग दिवसभर टीव्ही बोलतो आणि मी ऐकतो. शेवटी वैतागून उठलो, मेसवाल्याकडून डबा भरून घेतला आणि मंगरूळपीरमार्गे निघालो.

कारंजा हे घाईने बघायचं गाव नाहीच. जुनी वेस, अरुंद गल्ल्या, जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम... मान दुखेपर्यंत वर बघत बसलो. "अहो, ते बघा ना" असं कोपर मारून सांगणारं कोणी नसलं, की बघितलेलं अर्धंच राहतं, हे मात्र कळलं.

मंदिराजवळच्या दुकानात पाण्याची बाटली घेतली. शेठजींनी सहज विचारलं, "एकटेच आलात?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मिसेसला जरा बरं नव्हतं."

आता हे खोटं बोलायचं काही कारण होतं का? पण खरं सांगू... तेरवीनंतर नव्या माणसाला ही गोष्ट मी एकदाही सांगितलेली नाही. ओळखीच्यांना माहीत आहे, अनोळखी माणसाला मी टाळतो. निदान त्या शेठजींपुरती तरी सुमन घरी होती. पांघरूण घेऊन पडलेली का असेना, पण होती.

दुपारी गावाबाहेर बेंबळा नदीच्या काठाने चालत गेलो. पाणी कमीच होतं, पण ऊन सौम्य आणि सगळं शांत. एका दगडावर बसून डबा उघडला. दोन घास गिळले... आणि झाकण लावून टाकलं. ज्या डब्यासाठी इतकी वर्षं ठरवलं, तो असा एकट्याने खायचा?

उठलो तर थोडं पुढे, बाभळीखाली, एका घरच्या लोकांचे रोडगे चालले होते. आमच्याकडे नवस फेडायला किंवा नुसती हौस म्हणून नदीवर रोडगे करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. तो वास ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको.

मी बाजूने जात होतो. पंगतीतल्या म्हाताऱ्या मावशींनी रीतीप्रमाणे हाक दिली, "या जी, जेवाले!"

आता याचं उत्तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं, हात जोडायचे आणि पुढे व्हायचं. जन्मभर मीही तेच केलं. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक... चपला काढल्या आणि सरळ पंगतीत बसलो!

वाढणाऱ्या सुनेचा हात वरच्या वर थांबला, तिने सासूकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा! कान गरम झाले. "नाही नाही, मी आपलं सहज..." करत उठायला लागलो.

तर मावशी डाफरल्या, "बसा चुपचाप! पानावरून उठून राह्यले काय? सरका रे, पाव्हन्याले जागा द्या."

मग काय! पत्रावळीवर रोडगा आला, त्यावर तूप आलं. नको म्हटलं की दुप्पट येत होतं. कुठचे, मुलं काय करतात, गुडघे दुखतात का... सगळी चौकशी झाली. मीही बोलत सुटलो. इतका बोललो की माझाच आवाज मला नवा वाटला.

निघताना मावशींनी एक गरम रोडगा कागदात गुंडाळला. "घरी वयनीले न्या. थे काहून नाई आल्या?"

तब्येतीचं कारण जिभेवर तयार होतं. सकाळीच तर वापरलं होतं. पण मावशींचं मीठ खाऊन त्यांच्याशी खोटं बोलवेना... म्हटलं, "नाही हो मावशी. वहिनी नाहीत आता. गेली ती. घरी मी एकटाच असतो."

पहिल्यांदा बोललो. डोळे भरून आले, लपवलेही नाहीत.

वाटलं, आता मावशी हळहळतील, देवाला बोल लावतील. त्यांनी पुडकं परत घेतलं, उघडलं, आणि विस्तवाजवळून आणखी एक रोडगा उचलून त्यात ठेवला.

"मंग तं दोन न्या. एकट्यासाठी सकाळी कायले चूल पेटवता."

बसमध्ये ते पुडकं मांडीवर घेऊन बसलो. शेजारची सीट रिकामी होती, खिडकीकडची. वाशिम येईपर्यंत मांडी ऊबदार होती.

मावशी, तुमचं नाव विचारायचंही राहिलं. देव तुम्हाला सुखात ठेवो.

आणि सुमन, उतरलो बरं का कारंज्याला... डबा तेवढा तसाच परत आणला.