आबांचा बोवेन

“बापाचा रकाना रिकामा? पोर काय नेकार नदीतून वाहत आलं?” आबा असे कडाडले की पार स्टुटगार्टची एस-बान लोकल जागच्या जागी थांबली असावी. श्टांडेसआम्टात, म्हणजे इथल्या नोंदणी कचेरीत, जन्मनोंदणीच्या बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी खुर्ची मागे सरकवली. दुभाष्या मी. म्हणालो, “आजोबा थोडे नाराज आहेत.”

आबा म्हणजे माझ्या ऑफिसातल्या सुजाताचे वडील. तालुका कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. बापाच्या नावाशिवाय त्यांनी जन्मात कुणाला हाक मारली नाही. मी ‘मिलिंद भीमराव’. शेजारचा जर्मन म्हातारा दोन दिवसांत ‘हान्स कार्ल’ झाला, आणि त्याच्या कुत्र्याच्या वडिलांचीही चौकशी झाली.

सुजाताचा ओवेन वेल्सचा, आमच्याच गटात इंजिनिअर. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर आबांनी विचारलं, “ओवेन, पुढे?” तो खूश. म्हणाला, आमच्याकडेही पूर्वी बापाचंच नाव लावायचे. ‘अब ओवेन’ म्हणजे ओवेनचा मुलगा. बोलता बोलता त्याचं बोवेन झालं, मग ते आडनाव झालं, आणि आता लोक पोराचं पहिलं नावही तेच ठेवतात. आबा म्हणाले, “सुजाता, माणूस आपल्यातला आहे.”

बाळाची चाहूल लागली तेव्हा ओवेन म्हणाला, लग्न होईल तेव्हा होईल, बाप म्हणून आत्ताच सही करून ठेवतो. इथे तसा कागद होतो. आबांनी फोनवरच उडवून लावलं: “लग्नाआधी असला कागद? चारचौघांत तोंड कसं दाखवू? मी येतो, बुद्धवंदना घेऊन लग्न लावतो, मग करा सह्या.”

आबांचा व्हिसा आला, त्याच आठवड्यात बर्फाळ रस्त्यावर ओवेनची मोटरसायकल घसरली. आबा विमानातून उतरले ते थेट अंत्यविधीला.

आणि आता कचेरीतल्या बाई हळूच म्हणाल्या, “लग्न नाही, सही नाही. रकाना रिकामाच राहणार.” मी मराठीत सांगितलं आणि आबांचा आवाज एकदम बसला. “मग नाव बोवेन लिहा.” बाई म्हणाल्या, ते आडनाव आहे, चालायचं नाही. शेवटी ओवेनच्या आईने पत्र पाठवलं, की आमच्या गावात पहिलं नाव बोवेन असलेली तीन पोरं आहेत. सांगताना मी तिघांचे तीस केले. शिक्का बसला.

त्या दिवसापासून आबा मला नुसतं ‘मिलिंद’ म्हणू लागले.

सहा वर्षांनी आबा गेले. सुजाताकडे गेलो तेव्हा मला भाषणाची सुरसुरी आलीच. “कागदाने नाकारला, पण म्हाताऱ्याने पोराच्या नावात बाप कायमचा बसवला!”

सुजाता पोराचे कपडे घडी करत होती. म्हणाली, “शाळेत सगळे त्याला नुसतं ‘बो’ म्हणतात.”