अण्णाकाकांच्या दारातल्या गोवऱ्या

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, राहू द्या, तुम्ही हसणारच! चहा घ्या आणि ऐका. भलं करायला जाऊन माणूस स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो, ते मला विचारा.

पंचवटीत आमचे अण्णाकाका एकटे राहत. वडिलांचे चुलतभाऊ. सारा जन्म टपाल वाटण्यात गेलेला. पेन्शन एवढीशी; भाडं आणि भाकरी भागली की संपली. खोली नदीकाठची. पौषात गोदावरीवरून असा वारा येई, की भिंतीसुद्धा कुडकुडत असतील! कोळसा परवडेना म्हणून काकांची शेगडी कोपऱ्यात पालथी पडलेली. रात्रभर खोकत बसायचे.

मी तांबट आळीतल्या एका कारखान्यात भाता ओढत असे. शाळा लवकर सुटली. चारचौघांत बोलायचा धीर तर मला शाळेतही कधी नव्हता. तरी एकदा हिय्या करून म्हणालो, "काका, थोड्या गोवऱ्या आणून देऊ?"

काका कडाडले, "मी काय भिकेला लागलोय? घरोघर मनीऑर्डरी पोचवल्या मी, कुणाची सुपारीसुद्धा घेतली नाही. अन् आता तुझं सरपण घेऊ?"

झालं! पण घरी गोधडी पांघरली की मला त्यांचा खोकला आठवे. शेवटी ठरवलं, गुपचूप करायचं. काका पहाटे रामकुंडावर आंघोळीला जात, दाराला नुसती कडी लावून. तेवढ्यात सरपण आत रचायचं, शेगडी पेटवायची आणि पळायचं. कुणी दिलं, हे कळणार कुणाला?

आता माझी हुशारी ऐका हं. हातगाडीवर लाकडं रचली, वर गोवऱ्या. गाडी ढकलायला कारखान्यातला शिवराम घेतला. शेगडी झटकन पेटावी म्हणून भट्टीतले निखारे मडक्यात भरून घेतले. तापलेलं मडकं हातात धरणार कसं? म्हणून त्याला दोरीचं शिंकाळं केलं. दोरीही चटके देऊ लागली, तेव्हा डोक्यावरची टोपी काढून हाताला गुंडाळली. वहाणा वाजून गल्ली जागी होईल म्हणून त्याही काढून गाडीवर टाकल्या.

आणा बरं डोळ्यांपुढे! पुढे मी, बोडका, अनवाणी, हातात धुमसतं मडकं. मागे लाकडं-गोवऱ्यांची गाडी. आणि थांबलो कुठे? खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारात! मयतीची तयारी याहून वेगळी ती काय असते? नाशकातलं शेंबडं पोरही ओळखील. मला मात्र सुचलं नाही!

शेजारच्या गोदूकाकू सडा टाकायला बाहेर आल्या. हातातली बादली धाडकन खाली.

"अगं बाई! केव्हा रे?"

"हे काय, आत्ताच," मी खालमानेनं म्हणालो.

"थंडीनंच ना?"

"हो काकू. थंडी फारच आहे."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, माझा चांगुलपणा बघून त्यांना भरून आलं! मी लाजून मान आणखी खाली घातली.

"कुणाला सांगू नका हं," मी पुटपुटलो.

"असं कसं? चार माणसं तरी लागतीलच ना!"

"छे हो! मी आणि शिवराम, दोघांत होईल."

काकूंनी कपाळाला हात लावला. मग धावल्या. बघता बघता गल्ली भरली. नाना आले. गल्लीतली एकही मयत या नानांनी चुकवलेली नव्हती. येताना बांबू आणि सुतळी घेऊनच आले. दोन बायकांनी गळा काढला. कुणीतरी कडीला हात घातला, तसा मी आडवा आलो.

"आत जाऊ नका! काका येतील एवढ्यात! रागावतील!"

"बघा," काकू हुंदका देत म्हणाल्या, "पोराला अजून खरंच वाटत नाही हो!"

तेव्हा कुठे माझं लक्ष बांबूंकडे गेलं. डोक्यात लख्ख उजेड पडला! सांगायला तोंड उघडलं, तर नुसतं 'का... का...' निघालं. नानांनी पाठीवर हात ठेवला, "रड बाळा, रड. मोकळा हो."

एवढ्यात गर्दीमागून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं हो?"

डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात तांब्या.

नाना बांबू बांधण्यात गर्क. मान वर न करता म्हणाले, "आपले अण्णा टपालवाले. गारठून गेले बिचारे. जिवंतपणी चार गोवऱ्या कुणी दिल्या नाहीत, अन् आता हा पुतण्या गाडी भरून घेऊन आलाय! लाज वाटायला हवी!"

माझे कान मडक्याहून तापले.

त्या माणसानं डोक्यावरचा पंचा सोडला. काकू किंचाळल्या. नानांच्या हातून सुतळी सुटली. शिवराम गाडी टाकून जो पळाला, तो थेट तांबट आळीत!

अण्णाकाकांनी गाडी बघितली, मडकं बघितलं, माझं बोडकं डोकं बघितलं.

"तू आणलंस हे?"

मी मान हलवली.

"माझ्यासाठी?"

पुन्हा मान. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण ऐकू आला तो खोकला. मग काका म्हणाले, "नाना, मेलेल्यानं कधी लाकडं परत केली आहेत का हो?"

"नाही बुवा," नाना चाचरत म्हणाले.

"मग घ्या आत. जिवंत असतो तर काटकीसुद्धा घेतली नसती!"

आणि शेगडी पेटली! रडायला आलेली माणसं हात शेकून घरी गेली. काकांचा तो हिवाळा उबेत गेला.

आणि माझं? पंचवटीत आता कुणाच्याही दारात उभा राहिलो, की मला 'ये, बस' म्हणायच्या आधी माणसं आत जाऊन घरातल्या म्हाताऱ्यांना हलवून बघतात!