भाऊ राहिला त्या बेटावर

माझा धाकटा भाऊ श्रीपूरच्या साखर कारखान्यात पॅनमन होता. रस शिजताना साखरेचा दाणा कधी धरतो, ते ओळखायचं त्याचं काम. तिथूनच तो मॉरिशसच्या एका कारखान्यात गेला. फोनवर आईला म्हणायचा, "तू ये गं. तुला सात रंगांची माती दाखवतो, धबधबा दाखवतो."

आई हसायची. "मला मेलीला इमानात बसता येतंय व्हय?"

मग कोरोनाची साथ आली, विमानं बंद झाली आणि त्याच दिवसांत भाऊ तिथं तापानं गेला. लग्न झालं नव्हतं त्याचं. त्याला शेवटचं पाहिलं ते सोलापुरात, भवानी पेठेतल्या माझ्या घरी, मोबाइलवर. चित्र मध्येच अडकलं. आई त्या अडकलेल्या चित्राकडेच बघत बसली.

विमानं सुरू झाल्यापासून तिचं एकच चालू होतं, "मला तितं ने." शेवटी गेल्या वर्षी नेलं.

विमानतळावर भावाचा तिथला सोबती आला होता. साठीचा, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत राबायला त्या बेटावर गेलेले, म्हणून त्याला मराठी येत होती. पण पुस्तकातली, जपून जपून बोललेली.

"आपण खेड्यांकडून फिरू," तो म्हणाला. "तो तुम्हाला जे दाखवणार होता, ते सर्व मी दाखवतो."

गाडी निघाली तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग.

"हितंबी ऊसच की!" आई म्हणाली. "आन् एवढं धोंडं कुणी येचलं?"

"आमच्या पूर्वजांनी. हातांनी."

आईनं त्या ढिगाला चालत्या गाडीतून हात जोडले.

सात रंगांच्या मातीभोवती लाकडी कठडा होता. आत तांबडे, जांभळे, करडे उंचवटे. लोक फोटो काढत होते. आईनं विचारलं, "त्यो कुटं हुबा ऱ्हायचा?" सोबत्यानं कठड्याचा एक कोपरा दाखवला. आई तिथं जाऊन लाकडावर हात ठेवून उभी राहिली. मातीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. धबधब्यापाशीही तेच. पाणी इतक्या उंचावरून पडत होतं, आणि ती पायाखालची पायवाट बघत होती.

दुपारी आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्यावर आलो. बाकी बेटाभोवतीचा समुद्र शांत, पण इथं लाटा थेट खडकांवर फुटत होत्या. सोबती गाडीतून उतरला आणि खडकांच्या कडेपर्यंत चालत गेला. मग म्हणाला, "अस्थी इथं सोडल्या."

आईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "अग्नी तुमीच दिला न्हवं?"

"हो."

"आन् डोई?"

"मुंडणही मीच केलं. तुम्ही येऊ शकत नव्हता. कुणीतरी करायला हवं होतं."

भाऊ गेल्यावर आई आमच्यासमोर कधी मोठ्यानं रडली नव्हती. तिथं रडली. त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरून, कपाळाला लावून रडली. मग तिनं पिशवीतून सोलापूरचा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली. अग्नी देणाऱ्याला करतात तो सुतकाचा आहेर. मला न सांगता तिनं तो आणला होता. टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, टोपी स्वतः त्याच्या डोक्यावर घातली. वारा इतका होता, की टोपी त्याला एका हातानं धरूनच ठेवावी लागली.

"अजून चहाचे मळे राहिले आहेत," तो कसाबसा म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. जरा हितंच बसू."

बसलो.

आता अधूनमधून त्याचा फोन येतो. आई त्याला इकडच्या पावसाचं, उसाचं, गुडघ्यांचं सांगते. तिचं निम्मं बोलणं त्याला समजत नसावं. तो मात्र मध्येच फोन ठेवत नाही.