कंट्रोल रूममधली अगरबत्ती

आम्ही धुरापासून विमानाचं इंधन बनवतो, असं सांगितलं की धायरीतल्या आमच्या सोसायटीत लोक हसतात. हसू देत. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, सौर विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि दोन्ही रिअ‍ॅक्टरमध्ये सोडायचे. हिंजवडीच्या पलीकडच्या आमच्या लहानशा प्लांटमध्ये एवढंच चालतं. दिवसभरात निघतं ते बादलीत मावतं.

माझी मुलगी जर्मनीत असते. विमानांच्या धुरापायी तिनं विमानात बसणं सोडलंय. "तुझं इंधन विमानात भरायला लागले की लगेच येते," म्हणाली होती. त्याला चार वर्षं झाली. तिच्या खोलीत मी आता वर्षाचे गहू ठेवते.

खंडेनवमीला आमच्या फिटरनं कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घातला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला, निवृत्तीला आलेला माणूस. "मॅडम, एक अगरबत्ती?" प्लांटमध्ये काडी ओढायला बंदी आहे. दरवर्षी मी नाही म्हणते. यंदा मी म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये लावा. एकच." का म्हणाले, ते मला माहीत आहे.

दहाव्या मिनिटाला धुराचा अलार्म वाजला आणि सगळा प्लांट आपोआप बंद पडला. गार झालेला रिअ‍ॅक्टर सावकाश तापवायला दोन दिवस लागतात. मी फिटरवर ओरडले, "दोन दिवस गेले!"

"परवानगी कोणी दिली, मॅडम?" मग आवाज खाली आणून, "पोरगी काय दोन दिवसांत येणार होती?"

संध्याकाळी फोनवर मुलीला सांगितलं. ती खूप हसली. "आई, तू? आणि अगरबत्ती?" मग म्हणाली, "कुठली गं? मोगऱ्याची?"

"हो." ती घरी असताना रोज हीच लावायची, आणि त्या वासासाठीच मी फिटरला हो म्हणाले होते.

मग तिनं विचारलं, "दिवाळीला साध्या विमानानं येऊ का?"

नको म्हणायला हवं होतं. ती चार वर्षं ज्यासाठी थांबलीय, त्यावरच मी रोज काम करते. "ये," मी म्हणाले.

"तू नाही म्हणशील म्हणून विचारलं होतं," ती म्हणाली. "तू तरी 'ये' म्हणू नकोस ना."

दुसऱ्या दिवशी दसरा, सगळ्यांना सुट्टी. मी आठला पोचले. फिटर डबा घेऊन फाटकाशी उभा होता. सौर पॅनेलवर ऊन आलं, तसा आम्ही रिअ‍ॅक्टर तापवायला घेतला.