हिरव्या पाण्याची बादली

समुद्रापासून कितीतरी लांब, आमच्या हर्सूलकडच्या घरात समुद्र आहे असं म्हटलं की ऑफिसातल्या बाया हसतात. हसू देत. तो समुद्र मी स्वतः काचेच्या टाकीत कालवते, आरओच्या पाण्यात दुकानातलं समुद्री मीठ घालून. त्यात क्लाऊनफिशची, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी माशांची, एक जोडी आहे. मादी थोराड आणि भांडकुदळ, काच पुसायला हात घातला की चावते. नर बिचारा अंड्यांना पंखांनी वारा घालत बसतो.

अंडी भरपूर व्हायची, पण पिल्लं जगत नव्हती. अंड्यातून बाहेर आली की मी ती वेगळ्या टबात काढायची, तिथं ती दोन-चार दिवस तरंगायची आणि मग टबाच्या तळाशी पांढरी पडलेली सापडायची. अशा कितीतरी खेपा गेल्या. नवरा म्हणाला, "सोड आता." म्हटलं, तू गप बस. एक तरी खेप मला जगवायचीच होती.

शेवटी कळलं की ती उपाशी मरत होती. ह्या पिल्लांचं तोंड एवढं बारीक की त्यांना जिवंत रोटिफरच लागतात. रोटिफर म्हणजे ठिपक्याएवढे जीव, शेवाळाच्या हिरव्यागार खाऱ्या पाण्यात वाढणारे. मी ते आधीपासून बरणीभरच ठेवायची, ते पुरत नव्हते. मग मोरीजवळ बादलीभर पाणी मावेल अशा लहानशा ड्रममध्ये पाळले, आणि नव्या खेपेची पिल्लं पहिल्यांदाच पोटभर खायला लागली.

नेमकं त्याच आठवड्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी येणं म्हणजे सणच. पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून घरातलं भांडं न् भांडं घासून भरायचं. मी ऑफिसातून आले तर माझा ड्रम चकाचक, आणि आत काठोकाठ नळाचं पाणी.

"आई, यातलं हिरवं पाणी कुठंय?"

"ते व्हय? काढलं की," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, ते पिल्लांचं खाणं होतं! मारलंत तुम्ही त्यांना!"

त्यांचा चेहरा उतरला. "फेकलं नाय गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "संडासात वापराया बादलीत ठिवलंय."

इथं पाणी कुणी फेकत नाही, हे रागाच्या भरात मी विसरलेच होते. संडासाकडं धावले. दार आतून बंद.

"बाबा! बादली ओतू नका!"

"अगं, पण..." आतून सासरे.

"एक थेंबसुद्धा नाही!"

मग दार जरासं किलकिलं झालं आणि बादली बाहेर सरकली. निम्मी संपली होती.

"मला दुसरं पाणी तरी द्या कुणीतरी," आतून आवाज आला.

उरलेल्यात भागणार नव्हतं. सगळे रोटिफर आज घातले तर उद्या नवे वाढवायला बी उरत नव्हतं, आणि बी राखलं तर पिल्लं अर्धपोटी राहणार. मी बारीक जाळीतून गाळून घेतले. अर्धे टबात सोडले, अर्धे नव्या खाऱ्या पाण्यात. पुढचे दिवस फार वाईट गेले. बरीच पिल्लं मेली.

मूठभर राहिली. एका सकाळी त्यांच्या डोक्यामागं पांढरा पट्टा उमटलेला दिसला. पट्टा आला म्हणजे पिल्लू तगलं. सासूबाईंनी ड्रम धुतला त्या दिवसापासून माशांच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून आणलं. चष्मा पुसून त्या टबावर वाकल्या.

"जगली व्हय?"

"जगली."

त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तू ते हिरवं पाणी त्यांच्यात ओतायचीस, अन् ती मरायची. मग तू धड जेवायची नाय. मला वाटलं, त्या घाणीनंच मरतात. तुला सांगावं तर तू अंगावर येतीस. म्हणून निवळ पाणी आल्याबरोबर आधी तुझा ड्रम भरला. आपलं प्यायचं मागून भरलं."